काचेचं खालचं टोक

मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. दोन माणसं लागतात, आणि त्या दोघांतल्या एकाला उलटं चालावं लागतं. सगळी मेख इथेच आहे. सरळ चालणाऱ्याला रस्ता दिसतो. उलटं चालणाऱ्याला दिसतो तो फक्त समोरच्याचा चेहरा. त्या चेहऱ्याने "पायरी" म्हटलं की पाय खाली सोडायचा, "डावीकडे" म्हटलं की डावीकडे सरकायचं. मागे वळून बघायचं नाही. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की काच वळते, आणि मग काचेचं जे व्हायचं ते होतं.

लग्न झाल्यापासून मिस्त्री उलटा चालत आला होता. जिना उतरताना तर खालचं टोक हटकून त्याचंच, कारण सगळं वजन खाली येतं. त्याच्या मनगटात जोर, बायकोच्या नजरेत धार. "आमचं काय, आमची कॅप्टन सांगेल तिकडे आम्ही," असं तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा आणि अनोळखी तळघरांत, गच्च्यांवर, बँकांच्या गुळगुळीत फरशांवर बायकोच्या आवाजावर बिनघोर पाय टाकायचा. एरवी दोघं भांडायची भरपूर. माप कुणाचं चुकलं इथपासून पंखा किती जोरात लावायचा इथपर्यंत. पण काच हातात आली की तिचा शब्द शेवटचा.

मग दुकानात चौकटवाला यायला लागला. अॅल्युमिनियमच्या चौकटी पुरवणारा, बोलायला गोड, हसायला मोकळा. "ताईकडे जाऊन येते," म्हणून ती घरातून निघायची आणि ताईकडे जायची नाही. एवढं सांगितलं तरी पुरे. काही महिन्यांनी चौकटवाला दुसऱ्या गावी निघून गेला आणि गोष्ट कुणाच्या कानावरही गेली नसती. पण एकदा जेवताना मिस्त्रीने अगदी साधेपणाने विचारलं, "बऱ्याच दिवसांत ताईकडे गेली नाहीस गं? बरी आहे ना ती?" आणि तिने हातातला घास ताटात परत ठेवला. तिनेच सांगितलं. सगळं.

पुढच्या खोलीत घरची माणसं बसली. सासूबाई, नणंद, तिची ताई. सगळ्यांचे डोळे मिस्त्रीकडे. मिस्त्री खाली बघत म्हणाला, "मी तिला माफ केलंय. आता हा विषय या घरात नको." सासूबाईंनी डोळे पुसले. नणंद म्हणाली, "देवमाणूस आहे माझा भाऊ. वहिनी, पाय धुऊन पाणी पी त्याचे!"

तेव्हापासून ती देवमाणसाच्या घरात राहत होती.

आणि देवापेक्षा देवमाणूस अवघड. देवाशी निदान भांडता तरी येतं. "कुठे निजलायस रे बाबा," म्हणून त्याच्या दाराशी रुसून बसता येतं, चार उणेदुणे शब्द ऐकवता येतात. तो सगळं ऐकून घेतो, म्हणून तर माणसं त्याच्यावर जीव टाकतात. देवमाणसाशी कोण भांडणार? तिने एकदा मुद्दाम चहात साखर घातली नाही. तो म्हणाला, "छान झालाय." तिने पंखा पूर्ण जोरात लावला. त्याने चादर ओढून घेतली. ती जिथे जाईल तिथे तो गाडीने सोडायचा आणि आणायला यायचा, वाटेत मऊ आवाजात हवापाण्याचं बोलायचा. 'कॅप्टन' म्हणणं मात्र बंद झालं होतं.

आणखी एक गोष्ट बंद झाली होती, आणि ती घरच्या कुणाच्याच लक्षात येण्यासारखी नव्हती. मिस्त्री उलटा चालेनासा झाला होता.

"मान दुखते गं," त्याने पहिल्या दिवशी सांगितलं. "तू हो पुढे, मी मागून सांगतो." तेव्हापासून जिना उतरताना खालचं टोक तिच्या हाती आलं. सगळं वजन तिच्या मनगटांवर. संध्याकाळी तो शेजारी बसून त्याच मनगटांना मलम चोळायचा, हळुवार, आणि सासूबाई आतून म्हणायच्या, "असा नवरा शोधून सापडायचा नाही हो!"

एका सकाळी ताईचा फोन आला. ताईचं घर दोन बसगाड्या बदलून, आणि वरची खोली रिकामी झाली होती.

"भाडेकरू दाराशी उभा आहे," ताई म्हणाली. "संध्याकाळपर्यंत सांग, येतेयस का? नाहीतर देऊन टाकते."

"त्यांनी एवढं मोठं मन केलं ताई, आणि मीच उठून जाऊ? लोक शेण घालतील तोंडात."

"बरी आहेस! माझं नाव सांगून गावभर फिरलीस तेव्हा मला विचारलं नाहीस. आता मी होऊन बोलावतेय, तर लोकांना विचारतेस?"

तिने फोन ठेवला. खाली मिस्त्री गाडीचा भोंगा वाजवत होता, तोसुद्धा हलक्या हाताने.

काम दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे होतं. त्यांचा दवाखाना तळघरातल्या जागेत हलवला जात होता आणि दोन खोल्यांमध्ये काचेची भिंत बसवायची होती. भट्टीत तापवून कडक केलेली काच, माणसापेक्षा उंच. अशी काच मधोमध बुक्की मारली तरी फुटत नाही, पण कोपरा दगडाला टेकला की क्षणात खडीसाखरेसारखा चुरा. जिना अरुंद, मध्ये एक वळण.

"सांभाळून हं, मिस्त्री," डॉक्टरीणबाई खालून ओरडल्या. "माझ्या काचेला तडा गेला, तर तुमचे सगळे दात काढीन!"

"आमच्या हिच्या हातात आहे सगळं," मिस्त्री हसून म्हणाला.

काचेला चिकटवलेल्या रबरी मुठी दोघांनी धरल्या. ती खाली, पाठ जिन्याकडे. काचेच्या कडेवरून तिला नवऱ्याचा चेहरा दिसत होता, शांत, घडी घातलेल्या रुमालासारखा.

"पायरी," तो म्हणाला. तिचा पाय ती पायरी आधीच उतरला होता. "पायरी," तो पुन्हा म्हणाला, पुन्हा उशिरा. वाट बघून सांगणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. वजन मनगटातून कोपरात चढलं. तिला वाटलं, पुढची सगळी वर्षं आपण अशाच उतरत जाणार. पाठीमागे काय आहे ते दिसणार नाही, हातातलं खाली ठेवता येणार नाही, आणि वरून कुणीतरी मऊ आवाजात उशिरा सांगत राहणार.

वळणावर त्यांनी जाड कांबळ्याची घडी टाकून त्यावर काच टेकवली. ती म्हणाली, "इथून खाली तू जा."

"अगं, मान..."

"काल वरच्या माळ्यावरची पेटी काढलीस तेव्हा कुठे गेली होती मान?"

"मी तुला काही बोललोय का एवढ्या दिवसांत?" तो हळूच म्हणाला. "एक शब्द तरी?"

"नाही ना! तेच तर! एक शब्द बोलला नाहीस. चहात साखर नाही हेसुद्धा बोलला नाहीस!"

खालून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही, दम खातोय," दोघं एकदमच म्हणाली.

तो निमूटपणे खालच्या बाजूला गेला. कितीतरी दिवसांनी तिला वरून जिना दिसला. पायऱ्या, कठडा, नवऱ्याच्या बुटांची टोकं. "पायरी," ती म्हणाली, बरोबर वेळेवर. त्याचा पाय हवेत थांबला, चाचपडला, मग टेकला. "पायरी." त्याने मान वळवून मागे पाहिलं. काच थरथरली. "वळू नको," ती म्हणाली, "मी बघतेय." त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्याला जमवायचं होतं, हे तिला स्पष्ट दिसत होतं. ओठ घट्ट मिटून तो अगदी मनापासून प्रयत्न करत होता.

"अजून एक पायरी."

"संपल्या," तो म्हणाला.

"एक आहे."

"संपल्या गं!" आणि त्याने सपाट जमीन आहे असं धरून पाऊल टाकलं.

पाऊल पोकळीत गेलं. तो गुडघ्यावर आला, खालचा कोपरा फरशीच्या दिशेने घसरला, आणि तिने सगळं अंग मागे टाकून वरचं टोक ओढून धरलं. मनगटात कळ गेली. कोपरा फरशीच्या वर लटकत राहिला. मिस्त्रीने सावरून हात दिला. काच भिंतीशी, कांबळ्यावर, सुखरूप उभी राहिली. डॉक्टरीणबाई पाणी आणायला आत धावल्या.

तो त्या शेवटच्या पायरीवरच बसला, जी नाही असं म्हणाला होता तिच्यावर.

"तू 'पायरी' म्हणतेस," तो म्हणाला, "आणि मला 'ताईकडे जाऊन येते' ऐकू येतं. आवाज तोच आहे ना. मी काय करू? रोज सकाळी ठरवतो, आज उलटा चालेन. नाही होत."

ती त्याच्या शेजारी बसली. "मग माफ का केलंस?"

"सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आई रडत होती. काय म्हणणार होतो?" त्याने हातमोजे काढून मांडीवर आपटले. "आणि म्हटल्यावर परत कसं घेऊ? देवमाणूस करून ठेवलंय मला. साखर नसलेला चहा पितोय!"

तिला हसू आलं आणि त्याच वेळी रडू आलं. इतके दिवस तिला वाटत होतं, कोंडलेली आपण एकटी आहोत आणि किल्ली त्याच्याकडे आहे. तो तर शेजारच्याच खोलीत कोंडलेला होता. ती घरात होती तोवर त्याला रोज माफ करावं लागत होतं, आणि माफी तर त्याच्याजवळ अजून आलीच नव्हती. माफी माणसाच्या मनात घालणाराही वेगळाच कुणी, आणि तिची वेळही वेगळी. मागून, मलम चोळून, चारचौघांत बोलून ती येत नाही.

तिने तिथेच ताईला फोन लावला. "देऊ नकोस खोली," ती म्हणाली. "आज येते."

मिस्त्री ऐकत होता.  मग मानेची शीर ताठ करून, कित्येक दिवसांत निघाला नव्हता अशा खरखरीत आवाजात त्याने विचारलं, "नक्की ताईकडेच ना?"

तो प्रश्न तिच्या छातीत रुतला, पण त्या घरात इतक्या दिवसांत तेवढाच एक खरा प्रश्न होता.

"हो," ती म्हणाली. "वाटलं तर लाव फोन तिला. रोज लाव."

"लावीन," तो म्हणाला. "आणि राग आला तर?"

"तर तिथे येऊन भांड. ताईला आवडेल. तिला तुझ्यापेक्षा मोठ्याने ओरडता येतं."

काच अजून भिंतीशी उभी होती आणि ती चौकटीत बसल्याशिवाय दोघांनाही तिथून हलता येणार नव्हतं. त्यांनी मुठी धरल्या. पुढे कोण, मागे कोण, असा क्षणभर घोळ झाला. शेवटी दोघंही अंग आडवं करून, आपापला पाय आपणच बघत, इंच इंच सरकत निघाली.

डॉक्टरीणबाई पाण्याचे पेले घेऊन दारात उभ्या राहिल्या. "हे काय, खेकड्यासारखे काय चालताय दोघं? लागलं का कुठे, मिस्त्री? मान आखडली का?"

 काचेवरून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"नाही," मिस्त्री म्हणाला. "मान चांगली आहे माझी."