रिकाम्या फाईलला हळद लागली

तुमच्या घरी भिंतीवर असा एखादा फोटो नक्की असेल. काळा गाऊन, डोक्यावर चौकोनी टोपी, शेजारी कोणी तरी थकलेले मोठे गृहस्थ, आणि दोघांच्या मध्ये सोनेरी अक्षरांची लाल फाईल. त्या फोटोत सगळे पदवीधराकडे बघतात, माझ्याकडे कोणी बघत नाही. मी तीच लाल फाईल बोलतेय. चेन्नईतल्या एका विद्यापीठाची, आणि आता तुमच्यापासून काय लपवायचं, आतून पूर्ण रिकामी.

माझा जन्म पॅरीज कॉर्नरच्या मागच्या एका गल्लीत झाला. पद्मनाभ नावाच्या बाइंडरने आम्हा बारा बहिणींना एकाच दुपारी तयार केलं. जाड पुठ्ठा, वर लाल रेक्झिन, आत मखमल, आणि कागद अडकवायला चार कोपऱ्यांना चार रेशमी फिती. ठसा मारताना तो शेजारच्या दुकानदाराला सांगत होता की ह्या बारा जणी नशीबवान, जन्मभर पदव्या पोटात घेऊन मिरवणार. आम्हाला ते खरं वाटलं. नवीन होतो.

विद्यापीठात आमचा ताबा परीक्षा विभागाच्या बालाजीरावांकडे गेला. हे तंजावरकडचे मराठी. ऑफिसात तमिळ बोलत, कागदावर इंग्रजी लिहीत, पण रागवायची वेळ आली की मराठीत शिरत, कारण तिथे ती कोणाला कळत नसे. आम्ही त्यांच्याच कपाटात राहायचो. माझी सगळी मराठी अशी त्यांच्या रागातून आलेली आहे, तेव्हा एखादा शब्द कडक लागला तर समजून घ्या.

पहिल्याच समारंभात आमचा भ्रम फिटला. आमच्या पोटात कोणी काही घातलंच नाही. फार पूर्वी म्हणे खऱ्या पदव्या मंचावरच वाटायचे. एका वर्षी गाऊनच्या उकाड्याने एक विद्यार्थी रांगेतच चक्कर येऊन पडला, रांग एकाने पुढे सरकली आणि त्यानंतरच्या दोनशे जणांना शेजाऱ्याची पदवी मिळाली. गणिताचा एक पदवीधर गृहविज्ञानाची पदवी घेऊन सेलमला गेला तो ती परत करायला आलाच नाही. तेव्हापासून ठरलं, मंचावर रिकामी फाईल द्यायची आणि खरी पदवी चार नंबरच्या खिडकीवर, तीही गाऊन परत केल्यावर.

काम सोपं होतं. विद्यार्थी डावीकडच्या पायऱ्यांनी वर येणार. प्रमुख पाहुणे मला त्याच्या डाव्या हातात देणार, उजव्या हाताने हस्तांदोलन, दोघांनी कॅमेऱ्याकडे बघायचं, आणि उजवीकडच्या पायऱ्यांनी खाली. खाली बालाजीराव हात पसरून उभे. ते मला काढून घेणार आणि पडद्यामागून पुन्हा वर धाडणार. बारा जणी आणि नऊशे पदवीधर. एकेका दिवसात मी पंचाहत्तर वेळा पदवी झाले आहे.

सकाळी तालीम होते, तरी निम्म्यांचे हात उलटेच येतात. काही जण मला उजव्या हातात घेतात आणि मग हस्तांदोलनाला माझंच एक टोक पाहुण्यांच्या हातात देतात. गाऊनखालचे पाय मी बघितलेत. मागून आणलेले बूट, रबरी चपला, एका पीएच.डी.च्या तर दोन पायांत दोन निराळे बूट. पाहुणे प्रत्येकाला विचारतात, पुढे काय करणार? उत्तर यायच्या आत पुढचा आलेला असतो. नोकरी लागलेले मला दोन बोटांत धरतात, न लागलेले घट्ट धरतात.

बालाजीरावांचा नियम एकच होता. फाईल शेवटच्या पायरीच्या पुढे जाणार नाही. एकदा एका बड्या घरच्या सूनबाईंनी मला गाऊनच्या बाहीत सरकवलं, तर बालाजीराव सभागृहाच्या दारापर्यंत धावले आणि धापा टाकत मला परत घेऊन आले. नऊ वर्षांत आमच्यातली एकही हरवली नव्हती.

आणि मग गेल्या सप्टेंबरात कीर्तना आली. बी.कॉम.ची. तिने मला धरलं तेव्हाच मला कळलं की काही तरी बिनसलंय. बाहेर उकाड्याने झाडं सुकत होती आणि हिची बोटं थंडगार. मी उघडेन की काय ह्या भीतीने तिने अंगठा माझ्या झाकणावर दाबून धरला होता. पाहुण्यांनी सवयीने विचारलं, पुढे काय? ती म्हणाली, "स्टॅटिस्टिक्स."

"व्हेरी गुड," पाहुणे म्हणाले.

व्हेरी गुड कसलं, ती त्या विषयात नापास होती. मला हे नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. चाळीस गुण हवे होते, जूनच्या निकालात पडले चौतीस. तिने पेपर फेरतपासणीला दिला होता. त्याचा निकाल समारंभाच्या तीन दिवस आधी लागला आणि चौतीसचे चौतीसच राहिले. अशांची नावं समारंभाच्या यादीतून काढायची असतात. बालाजीरावांनी आपल्या यादीत तिच्या नावावर लाल रेघ मारली, आणि मंचावर नावं वाचणाऱ्या मॅडमच्या यादीत मारायची विसरले. एकतीस वर्षांच्या नोकरीतली ही त्यांची पहिली चूक.

कीर्तनाने घरी सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणून ती रोज ठरवत होती, पण त्याआधीच दोन पाहुण्यांचे पास घरी पोचले. तिच्या आत्या सईबाई टी. नगरला जाऊन तिच्यासाठी मोरपिशी रेशमी पट्टू साडी घेऊन आल्या आणि तांबरमच्या त्यांच्या इमारतीतल्या प्रत्येक दाराला बातमी देऊन आल्या. वडील गिरीधर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात व्हॉल्व तपासतात. सव्वीस वर्षांत ज्यांनी आजारपणाशिवाय रजा घेतली नाही, त्यांनी रजा घेतली. आईने आपला पास आत्याबाईंना दिला आणि ती घरी मोबाइलवर थेट प्रक्षेपण बघत बसली. कीर्तनाला वाटलं, नाव पुकारणारच नाहीत, तेव्हा काही तरी सबब सांगू. आणि नाव पुकारलं.

ती पायऱ्या उतरली. बालाजीरावांनी एक हात माझ्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातातल्या यादीकडे बघितलं. लाल रेघ दिसली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, तिने त्यांच्याकडे. दोघांचे चेहरे इतके सारखे उतरले की त्यातलं नापास कोण झालंय हे परक्या माणसाला सांगता आलं नसतं.

तेवढ्यात दोरी ओलांडून सईबाई आल्या. मागे गिरीधर. सईबाईंनी मला त्या दोघांच्या हातांतून सरळ काढून घेतलं, पिशवीतून हळदीची डबी काढली, बोट बुडवलं आणि काय होतंय हे कळायच्या आत माझ्या चारही कोपऱ्यांना हळद फासली. मध्ये, बरोब्बर विद्यापीठाच्या बोधचिन्हावर, कुंकवाचं बोट. तमिळ मुलखात अशी रीतच आहे. नवी वही असो, लग्नाची पत्रिका असो, कोपऱ्यांना हळद लागल्याशिवाय ती घरात जात नाही. रिकाम्या फाईलला हळद लावणाऱ्या मात्र ह्या पहिल्याच.

बालाजीराव तमिळमध्ये ओरडले की हे विद्यापीठाचं आहे, परत द्या. सईबाईंनी तमिळमध्येच विचारलं की मुलीने तीन वर्षं काय विद्यापीठासाठी अभ्यास केला? मग भावाकडे वळून मराठीत पुटपुटल्या, "हा मेला कांहीं सोडत नाहीं."

"मेला इथेंच उभा आहे, बाई," बालाजीराव म्हणाले.

त्यानंतरचं एक मिनिट मी कधी विसरणार नाही. सईबाई जराही ओशाळल्या नाहीत. तुम्हीही आमच्यासारखे तंजावरचे मराठी का, कोणत्या गल्लीतले, आईचं माहेर कुठलं, असं विचारत विचारत त्यांनी बालाजीरावांच्या बायकोची, राजसबाईंची, एक मावशी शोधून काढली जी सईबाईंच्या जावेच्या बहिणीची नणंद होती. वर मंचावर तोवर फायलींचा फेरा तुटला होता. पाहुण्यांनी हात मागे केला तर हातात काहीच आलं नाही. त्यांनी एका मुलाशी नुसतंच हस्तांदोलन केलं, मग दुसऱ्याला आपल्याच भाषणाचे कागद देऊन टाकले. तो ते घेऊन हसत फोटोला उभा राहिला.

ह्या गडबडीत गिरीधरांनी मला हातात घेतलं. त्यांना मुलीचं नाव छापलेलं बघायचं होतं. त्यांनी मला उघडलं, मखमलीवरून हात फिरवला, उलटी करून झटकून बघितलं.

आत काही नाही, असं ते जरा घाबरूनच म्हणाले. आत काहीच नसतं, सगळ्यांचीच रिकामी असते, खरी पदवी चार नंबरच्या खिडकीवर, असं बालाजीरावांनी सांगितलं. सांगताना त्यांनी यादी पाठीमागे धरली होती. एवढंच सांगून थांबलं की त्यांची चूक झाकली जात होती आणि मुलीचीही. गिरीधर खिडकीकडे निघाले.

"अप्पा," कीर्तना म्हणाली. "चार नंबरवर माझं कांहीं नाहीं."

मग तिने सगळं सांगितलं. थोडं मराठीत, जास्त तमिळमध्ये, आणि आकडे इंग्रजीत. मध्येच बालाजीरावांनी यादी पुढे केली आणि लाल रेघ दाखवून म्हणाले की मुलीचं नाव पुकारलं गेलं ही चूक तिची नाही, माझी. हे सांगायची त्यांना काही गरज नव्हती. माझी मान त्या दिवशी त्यांच्यासाठी ताठ झाली.

गिरीधर जवळच्या खुर्चीवर बसले. मी त्यांच्या मांडीवर होते. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. ते म्हणाले, "आमच्याकडे पीस नापास जाहला तर लाल टॅग बांधून बाजूला ठेवतों. दुरुस्त होतो तो. टॅग न बांधतां पुढें ढकललेला पीस फुटतो. तूं मला जूनमध्यें कां नाहीं सांगितलेंस?"

कीर्तना वडिलांपुढे वाकून रडली, आणि माझ्यावर घासलेल्या गाऊनच्या बाहीने डोळे पुसताना माझी हळद तिच्या गालाला लागली. घरी आई मोबाइलवर बघत होती. तिचा फोन आला की मंचावर मुलगी फार छान दिसली, पण पाहुणे भाषणाचे कागद का वाटतायत?

बालाजीरावांनी मला परत घ्यायला हात पुढे केला. सईबाईंनी तो बाजूला सारला. "हळद लागली कीं वस्तू घरची जाहली. पुसून परत द्यायची काय?"

बालाजीरावांनी माझ्याकडे बघितलं. मग वहीत माझ्या नंबरापुढे 'खराब झाली' असं लिहिलं आणि बाकीच्या अकरा जणींना वर धाडायला ते पडद्यामागे गेले. नियम मोडताना त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर बहुधा मोडवला नसता.

अशी मी तांबरमला आले. देवघराशेजारच्या फडताळात जागा मिळाली. दोन आठवडे स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकाला कोणी हात लावला नाही. मग एका रविवारी गिरीधर स्वतःच पुस्तक घेऊन बसले. कारखान्यातल्या नमुना तपासणीत सरासरी आणि विचलन रोज लागतं, हे त्या घरात कोणाला माहीतच नव्हतं. वडील शिकवायला लागले आणि मुलगी भांडायला लागली. सईबाई मधूनमधून येऊन विचारत की हे विचलन अजून किती दिवस चालणार आहे. नोव्हेंबरात कीर्तनाने पेपर दिला. जानेवारीत निकाल लागला, एकसष्ट.

खरं सांगते, सगळ्यात जास्त आनंद मला झाला. आता पदवी येणार आणि ती माझ्याच पोटात राहणार. एवढ्या हातांत मिरवून जे कधी मिळालं नाही ते आता मिळणार. मी कोपऱ्यांच्या फिती सैल करून बसले.

पदवी पोस्टाने आली. तिने मला उघडून कागद आत ठेवून बघितला. तो माझ्याहून चार बोटं मोठा होता. पद्मनाभला बिचाऱ्याला खऱ्या पदवीचं माप कोणी दिलंच नव्हतं, आणि द्यायचं तरी कशाला? गिरीधर म्हणाले, घडी घालायची नाही. कागद चौकटीत गेला आणि चौकट भिंतीवर. त्या संध्याकाळी मी मनातून इतकी खट्टू झाले की सईबाईंनी लावलेलं कुंकूही मला टोचायला लागलं.

दुसऱ्या दिवशी कीर्तनाने साडीच्या खोक्याच्या तळातून एक कागद काढला. पहिली गुणपत्रिका. स्टॅटिस्टिक्स, चौतीस. तिने ती माझ्यात ठेवली आणि एकेक कोपरा फितीत अडकवायला लागली. सईबाई आडव्या आल्या. हळद लागलेल्या फाईलीत नापासाचा कागद? जाळून टाक तो.

"आत्या," कीर्तना म्हणाली, "तूं हळद लावलीस तेव्हां माझ्याकडे हाच होता."

चौथी फीत सईबाईंनी स्वतःच बसवली.

आता मी इथेच असते. माझ्या अकरा बहिणी सप्टेंबरात पुन्हा मंचावर जातील, त्यांना माझा नमस्कार सांगा. ह्या घरी कधी आलात तर तुम्हाला आधी भिंतीवरची चौकट दाखवतील, ती जरूर बघा. आणि तुमचा किंवा तुमच्या मुलीचा एखादा विषय राहिला असेल, तर जाण्याआधी माझ्याबद्दल विचारा. कीर्तना मला फडताळातून काढते आणि उघडून हातात देते.