आत्यानं पाठ करून घेतलेलं पानभर

वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून मी कुणाच्या बापाला भीत नाही, असं वर्गात सांगून ठेवलं होतं. पण त्या रविवारी गुरुलिंग वकिलांच्या घरी जाताना माझे हात गार पडले होते.

"पाठ झालंय न्हवं, प्रभे?" आत्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

"झालंय की. मला आईला भेटायची इच्छा नाही! तिनं—"

"हळू! रस्त्यात न्हाय गं बये!"

आई-अण्णांचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली. मी अण्णांकडे राहायचं आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी वकिलांच्या ओसरीवर तासभर आईला भेटायचं, असं कोर्टानं ठरवलं. आई कुर्डुवाडीच्या शाळेत शिकवते, सकाळच्या गाडीनं येते. आत्या दर वेळी माझ्याकडून चार वाक्यं पाठ करून घ्यायची, मी ती आईसमोर हातवाऱ्यांसकट म्हणायचे. घरी आलं की शिरा! अण्णा नवी पेठेतल्या दुकानातून यायचे, काही विचारायचेच नाहीत. तेच तेच म्हणून मला ते खरंच वाटायला लागलं होतं, की आई मला टाकून गेली.

मागच्या महिन्यात मात्र माझं म्हणून झाल्यावर आई म्हणाली, "वाक्याच्या शेवटी तुझा आवाज पडतो गं. आधी पोटभर श्वास घेत जा."

मी जाम चिडले. पण स्पर्धेत तसाच श्वास घेतला आणि ढाल घेऊन घरी आले. तेव्हापासून एकच डोक्यात. जिला मी नको होते, ती मी तिला घालूनपाडून बोलत असताना माझा आवाज कशाला ऐकत बसेल?

आज चार वाक्यं नव्हती, पानभर होतं. वकील ते लिहून कोर्टात देणार, की भेटी कायमच्या बंद.

ओसरीवर आई बसली होती, मांडीवर शेंगाचटणीचा डबा. वकिलांनी पेन उघडलं. "बोल बाळ. तुझ्या मनातलं, तेच लिहीन."

 मी पोटभर श्वास घेतला. आईची मान जराशी हलली, बरोबर, अशी.

"मला आईला भेटायची इच्छा नाही. तिनं..."

मी थांबले. खरं सांगते, विसरले नव्हते. पुढचं सगळं स्वल्पविरामासकट पाठ होतं. पण थांबले.

"आमाला वाऱ्यावर सोडलं," मागनं आत्या पुटपुटली.

मी आईच्या मांडीवरच्या डब्याकडे बघत राहिले.

"अगं, तिनं आमाला वाऱ्यावर सोडलं, म्हण की! घरी तर घडाघडा म्हनत हुतीस!"

वकिलांनी चष्म्यावरून बघितलं. "बाई, मग हे मी कुणाच्या मनातलं लिहू?"

आत्याचा चेहरा पडला. मला वाईटही वाटलं. दोन वर्षं माझ्या वेण्या तिनंच घातल्या होत्या.

"लिहा," मी म्हणाले.  "मला आईला भेटायचंय. आणि आत्यानं तेव्हा आत बसायचं, वकीलकाकूंजवळ."

आवाज शेवटी पडलाच. आईनं चूक काढली नाही. डबा उघडायला गेली, तर झाकण निघेना तिला.

परतताना आत्या चार पावलं पुढं, एक शब्द नाही. आज शिरा नाही. अण्णांना तिनं सांगायच्या आत मीच सांगायचं ठरवलं. शुक्रवार पेठेच्या कोपऱ्यावर मी डबा घट्ट धरून पोटभर श्वास घेतला. पहिलं वाक्य काही सुचत नव्हतं.