विनीच्या डोक्यातली चोराची गाठ

शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये अख्खी डकेट गल्ली लोटली होती. लढाई संपून वर्ष झालं होतं, पण लंडनच्या या टोकाला फुकटची करमणूक नव्हती. ती प्रोफेसर ऑरेलियन घेऊन आले होते. डोळ्यांवर काळी पट्टी बांधून ते पोरांची डोकी चाचपायचे आणि जन्मजात चोर हुडकून काढायचे. "चोराची गाठ कानामागे असते, बायांनो. आईच्या पोटातूनच येते." बाया गुपचूप आपले कान चाचपू लागल्या.

अडा टफनेलचा जीव मात्र टांगणीला लागला होता. तिची सात वर्षांची नात विनी दर सोमवारी शेजारणींचे वाळत घातलेले एप्रन पळवायची आणि गादीवर पसरून त्यांवर झोपायची. आज गाठ निघाली की हवालदार आल्फी प्रॅट तिला कोर्टात नेणार, तिथून सुधारगृहात. टफनेलांच्या घरात चोर निपजावा, हे अडाच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण गाठच असली तर करणार काय?

प्रोफेसरांची मदतनीस बाई रांगेतल्या पोरांचे केस विंचरून गेली. मागोमाग विनीची रिबीन सारखी करताना अडाची बोटं ओशट झाली. तिने हुंगलं. तेल. इथे पावाला लावायची चरबी रेशनवर, शुक्रवारी साबणाने घासलेली पोरांची डोकी गवतासारखी कोरडी, आणि हिच्याच कानामागे तेल? नऊ पोरं वाढवलेल्या बाईला एवढं पुरे होतं.

मदतनीस पाठमोरी होऊन काळी पट्टी लोकांना दाखवत होती. अडाने तेवढ्यात विनीचं डोकं आपल्या एप्रनने खसाखसा पुसलं.

"आल्फी, टोपी काढ आणि पोरांत बस."

"मी कशाला, अडामावशी?"

"तुझं नाक पुसलंय मी. बस."

तो बसला. अडाने ओशट एप्रन त्याच्या कानामागे मायेने फिरवला.

पट्टी बांधलेले प्रोफेसर चाचपत आले, विनीला ओलांडून गेले आणि आल्फीपाशी थबकले. "हाच तो. केवढी ही गाठ. पाळण्यापासूनचा चोर, फासावरच जाणार."

हॉल हसून हसून लोळला. अडाने एप्रन फडकावला, मदतनीस बाईच्या हातातला तेलकट कंगवा वर धरला. "गल्लीने चहा पिता पिता हिला विनीचं नाव सांगितलं, हिने तेल लावलं, याने बोटं फिरवली. झाली विद्या."

"पण पोर चोरते तर खरी," मागून कुणीतरी टोचलं.

तेव्हा मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण लिंडनर उठल्या. विनी आईपासून कधी दुरावली, एवढंच त्यांनी विचारलं.

अडाचा आवाज पहिल्यांदा खाली आला. बॉम्ब पडत होते, लेक लील कारखान्यात, विनी सव्वा वर्षाची. लांबच्या गावी मुलांच्या आश्रमात पाच वर्षं. "मीच पाठवली."

"जीव वाचवलात, आजीबाई. पण अशा आश्रमात दर दोन-चार महिन्यांनी दाई बदलते. आपलं माणूस कोणतं, हे तिला कळलंच नाही. दुरावलेलं प्रत्येक मूल चोरी करतं असं नाही. पण ही एप्रन चोरत नाही, आईचा वास शोधतेय. याला कोर्ट नको, वेळ लागेल."

आल्फीने कान पुसत तक्रारीची वही मिटली. विनी आणि लील दर बुधवारी दवाखान्यात जाऊ लागल्या.

तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी दोरीवरून अडाचाच एप्रन गेला. विनी त्यावर गाढ झोपलेली सापडली. अडा गल्लीभर सांगत सुटली, "माझा नेला, तुमचा नाही. कळलं तिला आपलं माणूस."

पोर चोरी करतं तेव्हा त्याचं डोकं चाचपणाऱ्याला दार दाखवा. आणि आधी हे विचारा, की ते कुणाच्या मांडीवर वाढलं.