जूनमधला थिरथिरा

"दिसतंय का काही?" गाडीतून उतरता उतरताच नंदूनं विचारलं.

"थांबा हो, आधी पाय नीट टाका," नयना म्हणाली आणि नवऱ्याचा दंड धरून तिनं त्याला खडकावर बसवलं. सूर्य नुकताच वर आला होता, तरी अंग भाजायला लागलं होतं.

आखाती वाळवंटात, दुखानच्या रस्त्याला लागून असलेलं हे चुनखडीचं टेकाड. नाशिकचा माणूस ह्याला टेकाडसुद्धा म्हणायचा नाही. पण आसपासच्या सपाटीत तेवढीच काय ती उंची, म्हणून येणारेजाणारे पक्षी इथं टेकतात आणि म्हणून नंदू वर्षानुवर्षं दर शुक्रवारी अल खोरहून इथं यायचा. नयना घरी झोपलेली असायची. पक्षी म्हणजे तिच्या लेखी कावळा, चिमणी, कबुतर, खलास. मग साखरेनं नंदूच्या डोळ्यांचे पडदे खाल्ले. आधी गाडी सुटली, मग दुर्बीण. तेव्हा नयना स्टीअरिंगवर बसली. "मी बघते आणि तुम्हाला सांगते, झालं तर मग," ती म्हणाली.

आणि सांगितलंही तिनं. ऑक्टोबरात हुदहुद उतरले ते सांगितलं. "तपकिरी आहे आणि बरा आहे दिसायला," असं म्हणाली की नंदू वैतागायचा. "अगं, स्थळ बघायला आलीयस का? चोच सांग." थंडीत थिरथिरा आला, दगडावर बसून शेपूट थरथरवायचा, तो तर तिला पाठच झाला. वसंतात वेड्या राघूंचे थवे गेले. आणि एप्रिलमध्ये तिनं सांगितला नीलपंख. ह्या टेकाडावर नीलपंख बघायचा म्हणून नंदूनं किती वर्षं काढली होती. त्यानं तिथूनच टोरांटोला लेकीला फोन लावला. "ग्रेट, बाबा," गार्गी म्हणाली. नंदू आठवडाभर हवेत होता.

मे महिना उन्हापायी घरातच गेला. जूनमध्ये हे टेकाड कसं असतं, ते नयनानं कधी पाहिलं नव्हतं. दरम्यान कंपनीनं कॉन्ट्रॅक्ट संपवलं. आंधळ्या इंजिनीअरला कोण ठेवून घेणार? बुधवारचं परतीचं विमान होतं. "एकदा नेऊन आण गं," नंदू म्हणाला, म्हणून ती दोघं आली होती.

"आहे का कुणी?"

नयना बघत होती. दगड, धूळ, पुन्हा दगड. औषधालाही पाखरू नव्हतं. ह्या माणसाला इथून रिकाम्या हातानं न्यायचं तिच्या अगदी जिवावर आलं.

"आहे ना," ती म्हणाली. "थिरथिरा आहे. त्या पुढच्या दगडावर. शेपूट हलवतोय बघा."

नंदूनं तिकडे वळवलेली मान तशीच राहिली.

"थिरथिरा?"

"हो. छाती काळी, पोट विटकरी."

"अगं, तो थंडीचा पाहुणा. मार्चमध्येच जातो उत्तरेला. जूनच्या उन्हात कसा असेल तो इथं?"

"मग दुसरं काहीतरी असेल," ती पुटपुटली.

"नयना." एरवी तो तिला फार क्वचित नावानं हाक मारी. "तो नीलपंख खरा होता?"

"होता की."

"माझ्या गळ्याला हात लावून सांग."

तिनं हात उचलला. बोटं त्याच्या कॉलरपर्यंत गेली. खोटी शपथ घेऊन ह्या माणसावर आणखी काय ओढवायचं? डोळे तर गेलेच होते. तिनं हात मागे घेतला.

रस्त्यावरून एक टँकर गेला.

"रंग मात्र बरोबर सांगितलेस," तो शेवटी म्हणाला.

"तुमच्याच पुस्तकात बघून ठेवले होते. तुम्ही सारखे विचारायचात हो. मला 'नाही' म्हणवेना."

"आणि राघू?"

"राघू खरे. हुदहुदही खरे. देवाशप्पथ."

"मी गार्गीला फोन केला गं." त्याचा आवाज फाटला. "मी रागावलो नाहीये. पण आता मला जे काय दिसायचं ते तुझ्या तोंडून. तूच खोटं सांगायला लागलीस, तर मी खरंच आंधळा झालो म्हणायचं."

नयनाला रडू आवरेना. तिनं ओढणी तोंडाशी धरली, आणि तो हातानं तिचा गुडघा चाचपडून त्यावर थोपटत राहिला.

"सांग आता. काय आहे समोर?"

"काही नाही हो."

"काही नाही कसं? नीट बघून सांग."

तिनं डोळे पुसले. "दगड आहेत. पांढरे, पिवळट. मग उतार. लांब धुराची एक रेघ आहे. इकडे खाली एक काटेरी झुडूप आहे, त्यात प्लास्टिकची पिशवी अडकलीय."

"हलतेय?"

"हो. जरा वारा आहे."

"पक्ष्यासारखी?"

नयनानं पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "पिशवीसारखीच."

नंदूनं मान डोलावली आणि तो तिकडे तोंड करून बसून राहिला.