टिकाराम मार्करची नजर

"लेव्हर ने दो बार किया है, डॉक्टर साहब, दो बार!" चौकसेसाहेबांनी कप इतक्या जोरात ठेवला की चहा बशीत सांडला. "एक ही साल में टेनिस के चारों बड़े टूर्नामेंट! कोई औरत करके दिखाए."

"मार्गारेट कोर्ट नावाच्या बाईने करून दाखवलंय की, तीन वर्षांपूर्वी," डॉक्टर शांताबाई म्हणाल्या. "आणि एकेरीची मोठी विजेतेपदं मोजायची असतील तर लेव्हरची अकरा, तिची चोवीस. आता बोला."

बालाघाटच्या साहेबलोकांच्या क्लबात त्या संध्याकाळी हाच विषय पेटला होता. अमेरिकेत एका बाईने पंचावन्न वर्षांच्या जुन्या विजेत्याला सरळ तीन सेटमध्ये हरवल्याची बातमी येऊन महिना होत आला होता, तरी व्हरांड्यातली माणसं काही थंड होत नव्हती. चौकसेसाहेब बांधकाम खात्याचे मोठे इंजिनियर, मूळ जबलपूरचे, क्लबाचे दोन वर्षांचे विजेते. बोलणं तोफेसारखं, मन मात्र मोकळं. त्यांचं म्हणणं असं, की बायका तीनच सेट खेळतात, पुरुष पाच. बायकांत खेळणाऱ्याच कमी, मग चोवीस काय आणि चाळीस काय! दहा जणांच्या शर्यतीत पहिलं येणं वेगळं आणि हजारांच्या शर्यतीत वेगळं. आणि त्या पंचावन्न वर्षांच्या म्हाताऱ्याला हरवून सिद्ध काय झालं? त्याच म्हाताऱ्याने मे महिन्यात तुमच्या चोवीसवालीला धूळ चारली होतीच ना?

डॉक्टर शांताबाई नागपूरच्या. सरकारी दवाखान्यात होत्या, आणि रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी तासभर टेनिस खेळत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुस्तकातल्या आकड्यांनी हे भांडण मिटायचं नाही. रविवारी आमच्या पुष्पाशी खेळा. तीनच सेट. मग बघू."

पायऱ्यांखाली जाळीची दोरी ताणत बसलेल्या टिकारामचा हात तसाच थांबला. पुष्पा, म्हणजे पुष्पलता, त्याची मुलगी.

"मंज़ूर!" चौकसेसाहेब हसत म्हणाले. "और अंपायर टिकाराम."

"वो तो लड़की का बाप है," क्लबाचे सेक्रेटरी बाबूलालजी म्हणाले.

"तो क्या हुआ? पूरे ज़िले में ऐसी नज़र किसकी है? टिकाराम बेईमानी नहीं करेगा."

टिकाराम उभा राहिला, हात जोडून हसला आणि पुन्हा दोरीला लागला. गाठ काही नीट बसेना.

टिकाराम क्लबाचा मार्कर होता. राजेगावकडून पोरवयात आला तो गोऱ्या साहेबांचे चेंडू वेचायला, आणि वेचता वेचता खेळायला शिकला. कोर्टाची निगा राखायची, चुन्याच्या रेघा मारायच्या आणि जोडीदार नसेल त्या साहेबाबरोबर खेळायचं, हे त्याचं काम. त्या कामातलं खरं कसब मात्र वेगळंच होतं. साहेबाला दमवायचं, घाम काढायचा, एखादा सेट अटीतटीवर न्यायचा आणि शेवटी असं हरायचं की साहेबाला स्वप्नातही शंका येऊ नये. कितीतरी साहेब बदली होऊन गेले. जाताना प्रत्येकजण टिकारामला आपण हरवलं याच समाधानात गेला. दिवाणखान्यातल्या लाकडी पाटीवर विजेत्यांची नावं सोनेरी अक्षरांत होती. मार्करला स्पर्धेत उतरता येत नसे, त्यामुळे त्याचं नाव तिथे येण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला त्याचं दुःखही नव्हतं. हे सगळे माझ्यामुळे जिंकतात, एवढं मनातल्या मनात म्हटलं की त्याचं पोट भरे.

क्लबाच्या मागच्या बाजूला कौलारू खोली होती, तिथे तो, बायको तुळसाबाई आणि पुष्पा राहत. पावसाळा सरला की तुळसाबाई अख्खं कोर्ट शेणामातीने सारवून काढी. पुष्पा त्याच सारवणावर रांगली, त्याच्यावरच खेळायला शिकली. मॅट्रिक झाल्यावर डॉक्टरीणबाईंना जोडीदार हवी म्हणून ती त्यांच्याबरोबर खेळू लागली. आणि गेल्या उन्हाळ्यात, क्लब ओस पडलेला असताना, एका सकाळी तिने बापाला हरवलं. टिकाराम त्या दिवशी हरण्यासाठी खेळला नव्हता. छाती फुटेस्तोवर पळाला होता, आयुष्यात पहिल्यांदा सगळं पणाला लावून खेळला होता, आणि हरला होता. घरी येऊन तुळसाबाईला म्हणाला, "पायात गोळा आलता." पुष्पा चुलीजवळ होती. तिने ऐकलं आणि लाकूड पुढे सारलं. त्यानंतर सकाळी तिच्याशी खेळायला त्याला काही ना काही अडचण येऊ लागली.

सामना ठरला त्या रात्री जेवायला बसताना त्याने विषय काढला.

"पुष्पा, रविवारी खेळ. पन जितू नको."

"काहून?"

"साहेबलोक हायेत. चारचौघांत पोरीकडून हारले तं त्यायले बरं वाटन का? उद्या म्हनतीन, खोली खाली कर."

"कोनी म्हनलं का तसं?" तुळसाबाईने विचारलं.

"म्हनाले काय लागते? समजून घ्या लागते."

पुष्पाने भाताचा घास हातातच ठेवला. "बाबा, तुमी जसे हारता ना, तसं मले येत नाही. तुमी मले बाकी सारं शिकवलं, ते नाही शिकवलं."

टिकारामने ताट पुढे ओढलं. "मीठ कमी हाये," तो म्हणाला.

रविवारी व्हरांडा भरला. साहेबांच्या बायकाही आल्या, त्यांच्यासाठी वेताच्या खुर्च्या बाहेर काढल्या. कोर्ट दोनच दिवसांपूर्वी सारवलेलं, मऊ, चेंडूचा ठसा उमटेल असं. टिकारामने रेघा स्वतः मारल्या होत्या, ताज्या पांढऱ्याशुभ्र. तो उंच खुर्चीवर चढून बसला. या खुर्चीवरून कोर्टाचा कानाकोपरा त्याला तळहातासारखा दिसे.

पुष्पाने सलवार-कमीज घातली होती, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. सुरुवातीला ती बुजली. चौकसेसाहेबांची सर्व्हिस जोराची. दोन-तीन गेम असेच गेले. मग तिने त्यांना धावायला लावलं. एक चेंडू या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. जोर कमी, पण चेंडू पडायचा तो नेमका जिथे साहेब नसत तिथे. पहिला सेट तिने सहा-चारने घेतला. साहेब टॉवेलने तोंड पुसत ओरडले, "शाबाश बेटी! अब देखो!" आणि ते खरोखरच जीव लावून खेळू लागले.

तेवढ्यात बाबूलालजी व्हरांड्यातून म्हणाले, "टिकाराम, बेटी तो बाप से आगे निकल गई!"

सगळे हसले. टिकारामही हसला. पण ते वाक्य घशात काटा अडकावा तसं त्याच्या आत अडकलं. मी कधी यायले हारवलं नाही, म्हणून हे असे बोलतात. मी हारवलं असतं तं? आणि लगेच उन्हाळ्यातली ती सकाळ आठवली, आणि जाळीपलीकडे उभी असलेली, अजिबात न दमलेली पुष्पा.

दुसऱ्या सेटमध्ये पुष्पा पाच-तीनने पुढे गेली. हा एक पॉइंट घेतला की सामना तिचा. साहेब जाळीपर्यंत धावत आले. पुष्पाने चेंडू त्यांच्या डाव्या बाजूने, रेषेला धरून, सरळ मागे घातला. साहेब वळले, पोचले नाहीत. चेंडू मागच्या रेषेवर पडला. चुन्याची चिमूटभर धूळ उडाली. टिकारामने ती धूळ पाहिली. सगळ्या बालाघाटात त्याच्याइतकी स्पष्ट ती कोणालाच दिसली नसेल.

"आऊट!" तो म्हणाला.

व्हरांड्यातून कोणीतरी चुकचुकलं. पुष्पाने वर खुर्चीकडे पाहिलं, एकदाच. मग ती वळली आणि पुढच्या पॉइंटसाठी जागेवर जाऊन उभी राहिली.

चौकसेसाहेब मात्र जागेवर गेले नाहीत. ते मागच्या रेषेपाशी गेले, गुडघ्यांवर हात टेकून वाकले. सारवणावर अर्धा आणि चुन्यावर अर्धा, चेंडूचा गोल ठसा स्पष्ट उमटला होता.

"टिकाराम," ते म्हणाले, "बॉल तो लाइन पर है. चूना उड़ा है यहाँ."

टिकारामने खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या होत्या.

साहेब चालत जाळीपाशी गेले आणि पुष्पापुढे हात केला. "गेम, सेट, मैच, बेटी." मग व्हरांड्याकडे वळून त्यांनी आपली तोफ डागली, "लिख लो भाई, लेव्हर नहीं हारा, चौकसे हारा है!" टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. कोणाच्या मनात ना राग होता, ना खोली रिकामी करायचा विचार. जे बोलायला हवं होतं ते अंपायरऐवजी हरलेल्या माणसाने बोलून टाकलं होतं, आणि टिकाराम अजून खुर्चीवरच बसून होता.

तो खाली उतरला तेव्हा साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "क्या बात है, टिकाराम? आँखें कमज़ोर हो गईं?"

साहेबांनी दयेने दार उघडून दिलं होतं. टिकाराम त्यातून आत शिरला. "हौ साहेब. सांजच्या टाइमले बराबर दिसत नाही आता."

"मग सांगितलं का नाहीस इतके दिवस?" डॉक्टरीणबाई जवळ येत म्हणाल्या. "उद्या दवाखान्यात ये. पुष्पा, बाबा घरीसुद्धा धडपडतात का गं?"

पुष्पा रॅकेटवरची माती बोटाने काढत होती.

"हौ," ती म्हणाली. "धडपडतात."

बापाला वाचवायला पोरगी खोटं बोलली होती. टिकारामला वाटलं, तिने सगळ्यांसमोर खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दवाखान्यात त्याला स्टुलावर बसवून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. टिकारामला पार शेवटची ओळ दिसत होती; तिच्याखाली छापखान्याचं बारीक नाव होतं, तेही दिसत होतं. प्रश्न दिसण्याचा नव्हता, थांबायचं कुठे याचा होता. वरच्या तीन ओळी वाचून तो चाचरला. एक अक्षर मुद्दाम चुकला, मग दुसरं. डोळ्यांवर एक भिंग लागलं, "याने बरं दिसतं?" "हौ." दुसरं लागलं, "याने आणखी बरं?" "हौ बाईसाहेब." सगळं आयुष्य साहेबांपुढे जसा खेळला तसाच तो इथेही खेळला, आणि इथेही कोणाला संशय आला नाही. डॉक्टरीणबाईंनी चष्मा गोंदियाहून करवून आणला आणि स्वतःच्या हाताने त्याच्या डोळ्यांवर चढवला. "बघ, आता कसं स्वच्छ दिसतं!"

त्या क्षणापासून टिकारामचं जग पाण्यात बुडालं. पायऱ्या होत्या त्यापेक्षा जवळ भासू लागल्या, डोकं दिवसभर ठणकू लागलं. रेघा वाकड्या जाऊ लागल्या. साहेब त्या वाकड्या रेघा पाहून न पाहिल्यासारखं करत. खेळताना चेंडू दोन दिसत, त्यातला खोटा तो मारी. हरण्यासाठी आता कसब लागत नव्हतं. हळूहळू त्याला खेळायला बोलावणं कमी झालं. "आराम करो, टिकाराम," साहेब म्हणत, आणि त्या शब्दांतली माया त्याला शिवीपेक्षा जास्त लागे.

"डोये खरंच गेले का तुह्या बाबाचे?" तुळसाबाईने एकदा पोरीला हळूच विचारलं. टिकाराम ओट्यावर होता, त्याला ऐकू आलं. "त्यायले तं परवा कौलावरचा सरडा दिसलता."

"दिसत नाही त्यायले, आई," पुष्पा म्हणाली. "विचारत नको जाऊ."

हिवाळा लागला. डॉक्टरीणबाईंनी खटपट करून पुष्पाचं नाव जबलपूरच्या बायकांच्या स्पर्धेत घातलं. त्या स्वतः तिला घेऊन जाणार होत्या. व्हरांड्यात आता भांडणाचा रंग पालटला होता. चौकसेसाहेब म्हणत, बायका मोठ्या की पुरुष हे जाऊ द्या, आमच्या पुष्पाला आधी जबलपूर जिंकून दाखवू द्या. टिकाराम हे ऐकून मान डोलावत असे. कोणी त्याला मुद्दाम म्हणे, "तुम्हारी ही सिखाई हुई है," तेव्हा तो चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसे.

निघायच्या दिवशी सकाळी पुष्पाने त्याला उठवलं. अजून सदस्य यायची वेळ झाली नव्हती. झाडांखाली धुकं होतं.

"बाबा, घडीभर खेळता का माह्यासंगं? हात मोकया करू."

किती महिन्यांनी तिने हे विचारलं होतं. तो नाही म्हणू शकला नाही. रॅकेट घेतली, सवयीने चष्मा चढवला आणि कोर्टावर गेला. पहिला चेंडू आला. तो वार करायला गेला आणि चेंडू रॅकेटच्या दांड्याला लागून गवतात गेला. दुसरा त्याच्या कानाजवळून गेला. तिसऱ्याला तो अडखळून गुडघ्यावर आला.

पुष्पा चालत जाळीपर्यंत आली. चहूकडे नजर टाकली. व्हरांड्यातल्या खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या होत्या.

"चष्मा काढा, बाबा," ती म्हणाली. "इथं कोनी नाही."

टिकारामने चष्मा काढला. हातात धरला, मग खिशात ठेवला. धुकं, गवत, जाळीची गाठन् गाठ, सगळं होतं तसं पुन्हा समोर आलं. जाळीपलीकडे पुष्पा उभी होती. तिच्या कपाळावरचा केस, गळ्याशी सुटलेला टाका, सगळं लख्ख दिसत होतं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तेही.

चेंडू त्याच्या पायाशी येऊन पडला होता. तो उचलायला टिकाराम वाकला, आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.