फ्रिजच्या पायाखालचे मेलबर्न

मी एक जुने पुस्तक आहे, मित्रांनो. मेलबर्न शहरात कुठे खावे, काय प्यावे आणि काय विकत घ्यावे, ते मी सांगते. ते शहर मी स्वतः मात्र पाहिलेले नाही. माझा सारा जन्म बहारीनमध्ये गेला.

सहा वर्षांपूर्वी तिथल्या सीफ भागातल्या मॉलमधून अश्वजितरावांनी मला बायकोसाठी, सीमासाठी घेतले. पहिल्या पानावर लिहिले, "पुढच्या सुट्टीत, नक्की." झिंज भागातल्या त्यांच्या घरात पुस्तक कधी जमिनीवर ठेवत नसत. तशी अश्वजितरावांच्या वडिलांची शिकवणच होती. सीमाने मला खाकी कव्हर घातले आणि बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर मानाने बसवले.

नोकरीवरून आली की पेन्सिल घेऊन ती मला वाचू लागली. बाजारातल्या गरम जॅम डोनटपुढे तिने खूण केली. लोकरीच्या शालींपुढे लिहिले, "आईसाठी." नदीकाठच्या बारपुढे आधी प्रश्नचिन्ह काढले, मग ते खोडून हळूच खूण केली! सुट्ट्या मात्र गावच्या लग्नांत आणि घराच्या बांधकामातच संपत. ती कधी कुरकुरली नाही.

यंदा कंपनीने अश्वजितरावांना ट्रेनिंगसाठी मेलबर्नलाच पाठवले. "फॅमिली अलाउड नाही गं," ते म्हणाले. सीमाने मला त्यांच्या बॅगेत घातले. "निदान माझ्या खुणांच्या ठिकाणी जाऊन या." मी हरखून गेले. पण ती आंघोळीला गेली आणि त्यांनी मला बाहेर काढले. "नसतं ओझं," असे पुटपुटत डगमगणाऱ्या फ्रिजच्या पायाखाली सारले. जमिनीवर! त्या घरात! मला रडूच फुटले.

परत आल्यावर त्यांनी सांगितले, "पुस्तक हॉटेलातच राहिलं."

काल त्यांच्या सहकाऱ्याची बायको दीप्ती आली. स्वयंपाकघरात उभी राहून मोबाइलवर मेलबर्नचे फोटो दाखवू लागली. "सीमाताई, हे डोनट बघा. तुम्ही हव्या होतात. तुम्हाला लीव्ह मिळाली नाही म्हणे?"

"फॅमिली अलाउड होती?"

"हो की! फक्त तिकीट आपलं आपण काढायचं."

सीमाने मान खाली घातली, आणि तिला फ्रिजखाली माझे खाकी कव्हर दिसले. आम्हा दोघांच्याही तोंडाला पाने पुसली गेली होती.

दीप्ती गेल्यावर तिने मला ओढून काढले, ओढणीने पुसले. फ्रिज खडखडू लागला. संध्याकाळी अश्वजितराव आले. "अगं, याच्या पायाखाली काहीतरी घाल ना."

"तुम्ही घातलं होतंत, माझं मेलबर्न. आता वाजू दे त्याला."

मित्रांनो, पुस्तक भेट द्याल तेव्हा पहिल्या पानावर जपून लिहा, आणि लिहिलेत तर पाळा. मी पुन्हा फळीवर आहे. सीमाच्या खुणा तशाच आहेत. पहिले पान मात्र तिने फाडून टाकले. फ्रिज अजून वाजतो आहे.