ताईचे हात आणि माझे ठोकळे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्या पोटात छोटे छोटे ठोकळे आहेत. त्यांच्या काही बाजू लाल, काही पांढऱ्या, तर काही तिरक्या रेघेनं अर्ध्या लाल, अर्ध्या पांढऱ्या. कार्डावर जशी नक्षी असेल तशी ठोकळे जुळवून करायची. खेळणंच वाटलं ना? पण कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात मुलांची जी मानसशास्त्रीय चाचणी होते, तिचा मी एक भाग आहे.

ज्या सुतारानं मला घडवलं, तो कडा घासून झाल्या की प्रत्येक ठोकळा गालावर फिरवून बघायचा. टोचलं तर पुन्हा घासायचा. म्हणून आजवर माझ्यामुळे कुणाच्या बोटात लाकडाची कूस गेली नाही. सुरुवातीची वर्षं कामात गेली. मग आमच्या समुपदेशकांची बदली झाली, खोलीत मोडक्या खुर्च्या भरल्या आणि मी कपाटात धूळ खात पडले. एका उंदरानं माझा कोपराही कुरतडला. आपली आठवण कुणालाच नाही, याचं फार वाईट वाटायचं.

एके दिवशी कपाट उघडलं. नव्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी ओल्या फडक्यानं एकेक ठोकळा पुसला, मोजला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "सगळे आहेत की." मला पुन्हा टेबलावर जागा मिळाली.

त्यानंतर कितीतरी मुलं आली. पण एका भावाबहिणीची गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे.

मुलगा दुसऱ्या वर्षाला होता. दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच, पण त्याची ताई त्याला 'लहान्या' म्हणायची. आई गेल्यापासून तिनंच त्याला वाढवलं होतं. तिचं पडदे शिवायचं दुकान होतं. परीक्षेत त्यानं जवळजवळ कोरे पेपर दिले, तेव्हा वर्गशिक्षकांनी त्याला मॅडमकडे पाठवलं आणि ताई सोबत आली.

"तुझं नाव काय?" मॅडमनी त्याला विचारलं. ताईनं सांगितलं.

"झोप लागते का नीट?"

"कुठली लागतेय," ताई म्हणाली. "मॅडम, मुलगा गुणी आहे हो, पण डोकं जरा मंद आहे. कॉलेजातून नाव काढते आणि दुकानात बसवते. उगीच कशाला जिवाला त्रास?"

लहान्या खाली मान घालून बसला होता. मॅडमनी मला उघडलं आणि सोपी नक्षी पुढे ठेवली. त्यानं एक ठोकळा उचलला, थांबला. तेवढ्यात टेबलावरून ताईचा हात आला आणि तिनं ठोकळा फिरवून जागेवर ठेवलासुद्धा.

"ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?" मॅडम हसून म्हणाल्या.

ताई गेली. मॅडमनी नव्यानं सुरुवात केली. पण स्टॉपवॉच सुरू झालं आणि लहान्याच्या हातांना घाम फुटला. मला तो जाणवत होता. ठोकळे निसटत होते. पुढे पुढे तर तो नुसता दाराकडे बघत बसला. मॅडमनी नियमाप्रमाणे चाचणी संपवली, गुण लिहिले आणि मग स्टॉपवॉच ड्रॉवरमध्ये टाकलं.

"आता हे गुणांसाठी नाही," त्या म्हणाल्या. "राहिलेल्या नक्ष्या तुझ्या पद्धतीनं कर. घाई नाही."

बराच वेळ तो कार्डाकडे बघत राहिला. मग त्याचे हात चालू लागले. सावकाश, पण न अडखळता. सगळ्यात अवघड नक्षीसुद्धा त्यानं पुरी केली.

"बरोबर आहे का, मॅडम?"

"तुला काय वाटतं?"

त्यानं पुन्हा नीट पाहिलं. "आहे," तो म्हणाला. या वेळी त्यानं दाराकडे पाहिलं नाही.

एका पेटीवरून माणसाबद्दल काही ठरवायचं नसतं, हे मॅडमना माहीत होतं. त्यांनी त्याला पुन्हा बोलावलं, इतर चाचण्या घेतल्या, पुष्कळ गप्पा मारल्या. मग ताईला समोर बसवून म्हणाल्या, "याची बुद्धी चांगली आहे. घड्याळ दिसलं की हा घाबरतो. आणि एकट्यानं काही ठरवायची याला सवयच नाही."

ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच त्याचं वाटोळं केलं."

"तुम्ही त्याला वाढवलंत. आता हात थोडे मागे घ्यायचे, एवढंच."

"आणि तो चुकला तर?"

"चुकेल की."

मॅडमनी चाचणीत नसलेली एक नक्षी कागदावर काढून दिली. लहान्या जुळवायला लागला. ताईचा हात पुढे सरकला. तिनं तो मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. लहान्यानं एक ठोकळा उलटा लावला. ताईनं ओठ घट्ट मिटले. थोड्या वेळानं त्याचं त्यालाच कळलं आणि त्यानं ठोकळा फिरवला. ताईला हसू आलं आणि रडूही.

नाव काढायचं राहून गेलं. मॅडमनी कॉलेजला लिहून दिलं, म्हणून परीक्षेत त्याला थोडा जास्त वेळ मिळाला. भीती वाटली की काय करायचं, ते तो मॅडमकडे येऊन शिकत राहिला. तरी एका विषयात नापास झालाच, आणि तो विषय त्यानं पुढच्या खेपेला सोडवला.

आमच्या खोलीच्या खिडकीतून येणारे-जाणारे आत डोकावायचे, मुलं संकोचायची. एके दिवशी ताई आणि लहान्या निळे पडदे घेऊन आले. माप लहान्यानं एकट्यानं घेतलं होतं, कापड त्यानंच कापलं होतं. लावून पाहिले, तर एक पडदा बोटभर आखूड.

"तुमच्या लक्षात नाही आलं?" मॅडमनी विचारलं.

"कापतानाच आलं होतं," ताई म्हणाली. "गप्प बसले."

मित्रांनो, आता माझे रंग विटलेत. चाचणीला नवी पेटी असते आणि मी बाहेरच्या बाकावर मजेत असते. वाट बघणारी मुलं मला हाताळतात. तुम्ही आलात तर जरूर उघडा, पण ठोकळे मोजून परत ठेवा. आणि शेजारी कुणी अडलेला दिसला, तर त्याला जरा वेळ द्या. तो विचार करत असेल.